घरगुती डीव्हीडीत ओठ आणि आवाज जुळत नाहीत तेव्हा: रूपांतरापासून मक्सिंगपर्यंत

आवाज चित्राच्या मागेपुढे होतो आहे हे लक्षात आलं की बहुतेक जण लगेच मक्सिंगचा, म्हणजे चित्र आणि आवाज एका फाइलमध्ये ओवण्याचा, प्रोग्रॅम उघडतात आणि डिलेचा (आवाज किती सरकवायचा त्याचा) आकडा बदलून पाहतात. दोनशे मिलिसेकंद, मग तीनशे, मग उणे शंभर. संध्याकाळ त्यात जाते. सुरुवात जुळते तर शेवट बिघडतो, शेवट जुळवावा तर सुरुवात हातची जाते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की त्या आकड्याला हात लावण्याआधी एक मोजमाप करा: फरक सुरुवातीला किती आहे, मध्यावर किती आहे आणि शेवटी किती आहे. या तीन आकड्यांवरून दुखणं कुठल्या टप्प्यावरचं आहे ते कळतं. चुकीच्या टप्प्यावर केलेला उपाय कधीच टिकत नाही.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल, तर आवाज आणि चित्र यांची सुरुवात वेगवेगळ्या क्षणी झाली आहे. हे सगळ्यात सोपं दुखणं. फरक शून्यापासून हळूहळू वाढत जात असेल, तर दोघांचा वेग वेगळा आहे आणि तिथे डिलेचा कुठलाही आकडा कामाचा नाही. आणि बराच वेळ सगळं ठीक, मग एकदम झटका, पुन्हा ठीक, पुन्हा झटका असं होत असेल, तर मधल्या काही फ्रेम किंवा आवाजाचे तुकडे गळाले आहेत. पुढचा सगळा लेख या तीन प्रकारांभोवती आहे. डीव्हीडीच्या स्वतःच्या काही अटी आहेत, त्या मात्र आधी माहीत हव्यात.

डीव्हीडीला काय चालतं, काय नाही

डीव्हीडी-व्हिडिओ हा १९९६ सालचा साचा आहे आणि तो आजही तसाच कडक आहे. चित्र एमपेग-२ हवं: पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) असेल तर ७२० × ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससी (अमेरिका-जपानमधली) असेल तर ७२० × ४८० आणि सेकंदाला २९.९७. आवाज एसी-३ (डॉल्बी डिजिटल), एलपीसीएम (न दाबलेला), डीटीएस किंवा एमपी२ या प्रकारांपैकी एक. एमपी३ चालत नाही, मोबाईलच्या व्हिडिओत असणारा एएसी चालत नाही. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) ४८ किलोहर्ट्झच हवा (एलपीसीएमला ९६ चीही मुभा आहे). सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ आवाज थेट घालता येत नाही.

एमपी२ बद्दल एक खुलासा. पाल तबकडीवर एकटा एमपी२ ट्रॅक नियमात बसतो. एनटीएससीत तसा बसत नाही, तिथे निदान एक एसी-३ किंवा एलपीसीएम ट्रॅक हवाच. बरेच प्लेअर एनटीएससीतही एमपी२ वाजवतात, पण ज्यांना तबकडी द्यायची आहे त्यांच्या प्लेअरवर आपला भरवसा कशाला ठेवायचा? दोन चॅनेलसाठी १९२ किंवा २२४ किलोबिटचा एसी-३ आणि ५.१ (सहा चॅनेल) साठी ४४८ किलोबिटचा, एवढं ठरवून टाका. डीव्हीडीत एसी-३ ला ४४८ ही वरची मर्यादाच आहे. एखाद्या एन्कोडरने (आवाज किंवा चित्र दाबून ठरलेल्या प्रकारात आणणाऱ्या प्रोग्रॅमने) ६४० किलोबिटची फाइल बनवून दिली तर ती संगणकावर वाजेल आणि तबकडीवर अडेल.

पहिली पायरी: काय हातात आहे ते नीट पाहा

मीडियाइन्फो नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे. मूळ फाइल त्यात टाका आणि चार ओळी कागदावर लिहून घ्या: फ्रेम रेट, फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता, आवाजाचा सॅम्पल रेट आणि आवाजाचा प्रकार. त्याखाली चित्राची आणि आवाजाची वेगवेगळी लांबी लिहा. ही लांबी मिलिसेकंदापर्यंत दिसते. दोन्हींत पाच-दहा मिलिसेकंदांचा फरक असेल तर सोडून द्या. सेकंदांचा असेल तर दुखणं मुळातच आहे, तुमच्या रूपांतरात नाही.

मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओत फ्रेम रेट बहुधा ‘बदलता’ असा दिसतो. उजेड कमी झाला की कॅमेरा फ्रेम कमी काढतो आणि प्रत्येक फ्रेमवर वेळेचा शिक्का मारून ठेवतो. तो शिक्का वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सगळं जुळतं. शिक्का न वाचता ‘सेकंदाला तीस’ असं धरून चालणाऱ्या जुन्या एन्कोडरमध्ये आवाज सुटतो. उपाय आवाजावर करायचा नाही, चित्रावर करायचा. हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा किंवा आज्ञा टाइप करून चालणाऱ्या एफएफएमपेगमध्ये एफपीएस फिल्टर लावून २५ किंवा २९.९७ चा स्थिर दर करून घ्या. प्रोग्रॅम जिथे लागेल तिथे फ्रेम दुबार टाकतो किंवा गाळतो. आवाजाला धक्का लागत नाही.

दुसरी पायरी: आवाज वेगळा काढा आणि वेव्ह करा

आवाजाचं कुठलंही काम दाबलेल्या फाइलवर करू नका. आधी साधी वेव्ह बनवा: ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. दोन चॅनेलची अशी फाइल तासाला सुमारे ६९१ एमबी होते, म्हणजे आजच्या डिस्कवर काहीच नाही. सहा चॅनेलची फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये केली तर मात्र तासाला चार जीबीच्या वर जाते, आणि वेव्ह फाइलची मर्यादाच चार जीबी आहे. तासाभरानंतर आवाज अचानक तुटला किंवा फाइल ‘खराब’ दिसली तर कारण बऱ्याचदा एवढंच असतं. तेव्हा डब्ल्यू-६४ किंवा आरएफ-६४ हा प्रकार निवडा, किंवा १६ बिटवर या.

जुन्या एव्हीआय फायलींमध्ये बदलत्या बिटरेटचा (सेकंदाला लागणारा डेटा कमीजास्त होणारा) एमपी३ असेल तर ही पायरी टाळू नका. एव्हीआयचा सांगाडा स्थिर बिटरेट धरून बांधलेला आहे. त्यात बदलता बिटरेट बसवला की शोधाशोध आणि वेळेचा हिशेब दोन्ही चुकू शकतात, आणि अशी फाइल थेट एसी-३ एन्कोडरला दिली की आवाज हळूहळू सरकतो. व्हर्च्युअलडब हा व्हिडिओ कापण्या-जोडण्याचा प्रोग्रॅम अशी फाइल उघडताना इशारा देतो, तो वाचा. आधी वेव्ह, मग बाकी सगळं, एवढ्याने पुष्कळ तक्रारी जागीच मिटतात.

इथेच एक बारीक खाच आहे. मूळ फाइलमध्ये प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का असतो. आवाज सुटा काढला की ते शिक्के गळून पडतात. वेव्हमध्ये फक्त सॅम्पल असतात, ‘इथे दोनशे मिलिसेकंद काहीच नव्हतं’ हे सांगायला जागा नसते. मूळ प्रवाहात खंड असेल तर तो वेव्हमध्ये मिटून जातो आणि पुढचा सगळा आवाज तेवढा अलीकडे सरकतो. एफएफएमपेगने वेव्ह काढताना एरीसॅम्पल फिल्टरला ‘असिंक’ हा पर्याय १ आणि ‘फर्स्ट पीटीएस’ (पहिला वेळेचा शिक्का) हा पर्याय ० असा दिला, तर सुरुवातीची रिकामी जागा आणि मधले खंड शांततेने भरले जातात. मी हे प्रत्येक वेळी देतो, गरज आहे की नाही हे न पाहता.

फायलींची नावं या टप्प्यावर छोटी, बिनजागेची आणि इंग्रजी अक्षरांत ठेवा. जुन्या साधनांपैकी बरीच देवनागरी नावांवर अडखळतात आणि तक्रार मात्र भलतीच दाखवतात.

फरक वाढत जात असेल तर

या प्रकाराला वेळ द्यावा लागतो, कारण त्याची कारणं चार-पाच आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. सुदैवाने प्रत्येक कारण आपला ठरावीक आकडा मागे ठेवतं. तासाला फरक किती पडतो ते काढा.

तासाला साधारण ३.६ सेकंद, म्हणजे हजारात एक. हे २४ आणि २३.९७६ किंवा ३० आणि २९.९७ यांतल्या गोंधळाचं लक्षण. कोणीतरी फ्रेम न गाळता नुसतं दराचं लेबल बदललं आहे. शक्य असेल तर मागे जाऊन चित्राचं रूपांतर नीट करा. नसेल तर आवाजाचा वेग हजारांश बदला. एवढ्या बदलाने स्वर हललेला कानाला कळत नाही.

तासाला जवळपास अडीच मिनिटं. २३.९७६ फ्रेमचं चित्र २५ वर पळवलं आहे आणि आवाज मागेच राहिला आहे. हा फरक ४.२७ टक्के पडतो. दीड तासाचं चित्र साधारण ८६ मिनिटं १९ सेकंदांत संपतं. आवाजही तेवढाच पळवला तर जुळतो, पण स्वर पाऊण अर्धस्वराच्या आसपास चढतो. गाण्याच्या कार्यक्रमात ते खटकतं. तेव्हा स्वर न बदलता फक्त लय वाढवणारा पर्याय वापरा: सॉक्समध्ये ‘टेम्पो’, एफएफएमपेगमध्ये ‘एटेम्पो’, ऑडॅसिटीत ‘चेंज टेम्पो’. माझ्या मते याहून बरा मार्ग म्हणजे प्लेअर दोन्ही पद्धती वाजवत असेल तर तबकडी एनटीएससी करायची, चित्र २३.९७६ वरच एन्कोड करायचं आणि डीजीपुलडाउनसारख्या साधनाने फक्त पुलडाउनची (फ्रेमचे काही भाग दुबार दाखवण्याची) खूण घालायची. प्लेअर ती खूण वाचून २९.९७ दाखवतो आणि आवाजाला कोणी हात लावत नाही.

तासाला पाच मिनिटांच्या घरात फरक, आणि माणसं चिमण्यांसारखी बोलताहेत. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलवर ४८ चं लेबल लागलं आहे. साठ मिनिटांचा आवाज पंचावन्न मिनिटं सात सेकंदांत संपतो. इथे वेग बदलत बसू नका. मूळ आवाजावर परत जा आणि खरोखरचं रीसॅम्पलिंग करा. ऑडॅसिटीत ‘ट्रॅकचा रेट ठरवा’ आणि ‘रीसॅम्पल करा’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिली फक्त लेबल बदलते, दुसरी सॅम्पल नव्याने मोजते. गल्लत बहुतेक वेळा इथेच होते.

तासाला अर्ध्या सेकंदाहूनही कमी. हा सगळ्यात चिवट. चित्र एका यंत्रावर आणि आवाज दुसऱ्यावर रेकॉर्ड झाला असेल, किंवा व्हीएचएस कॅसेट संगणकात घेताना चित्र कॅप्चर कार्डातून आणि आवाज साउंड कार्डातून आला असेल, तर दोन घड्याळं वेगळी असतात. एक दुसऱ्यापेक्षा दहा हजारात एक इतकं पुढे पळालं तरी तासाला ०.३६ सेकंद होतात. मिनी डीव्ही कॅमेऱ्यातही आवाज चित्राला घट्ट बांधलेला असेलच असं नाही. पालमध्ये एका फ्रेमला १९२० सॅम्पल हवीत, पण घरगुती डीव्हीमध्ये ही संख्या थोडी मागेपुढे होऊ दिलेली आहे. शिवाय चार चॅनेलच्या बारा बिट मोडमध्ये रेकॉर्ड केलेली कॅसेट ३२ किलोहर्ट्झची असते, तेही तपासा.

या शेवटच्या प्रकारात मी काय करतो ते एका उदाहरणाने सांगतो. नृत्याच्या एका कार्यक्रमाचं ऐंशी मिनिटांचं चित्रण होतं. चित्र कॅमेऱ्याचं, आवाज मंचाजवळ ठेवलेल्या वेगळ्या रेकॉर्डरचा. सुरुवातीला निवेदिकेने माइक तपासायला टाळी वाजवली होती आणि शेवटी कोणीतरी खुर्ची आपटून मिटली होती. चित्रात एकेक फ्रेम पुढे नेत तळवे एकमेकांना भिडलेली फ्रेम शोधली, मग खुर्ची मिटल्याची फ्रेम शोधली. दोन्हींमधलं अंतर भरलं ४७१०.०० सेकंद. ऑडॅसिटीत आवाज ताणून मोठा केला की टाळीचा सरळ उभा काटा दिसतो. त्या काट्यापासून खुर्चीच्या काट्यापर्यंत अंतर भरलं ४७०९.५८ सेकंद. म्हणजे आवाज ०.४२ सेकंद तोकडा. ४७०९.५८ भागिले ४७१० म्हणजे ०.९९९९१०८. सॉक्समध्ये ‘स्पीड’ला हा आकडा दिला, आवाज तेवढाच लांबला आणि ऐंशी मिनिटं ओठांना धरून राहिला. ऑडॅसिटीच्या ‘चेंज स्पीड’मध्ये उणे ०.००९ टक्के दिले असते तरी चाललं असतं. चार मिलिसेकंदांची चूक कोणाला दिसणार?

मोजताना दोन खुणा जितक्या दूर तितकं उत्तर अचूक. पालची एक फ्रेम चाळीस मिलिसेकंदांची असते, म्हणजे चित्रातून खूण शोधताना तेवढी चूक होणारच. ती पाच मिनिटांच्या अंतरावर पसरली तर हिशेब वाया जातो, ऐंशी मिनिटांवर पसरली तर नाहीशी होते.

फरक सगळीकडे सारखा असेल तर

हे लवकर उरकतं. आवाज उशिरा येत असेल तर सुरुवातीचा तेवढा भाग कापा, लवकर येत असेल तर तेवढी शांतता जोडा. वेव्हवर केलंत तर एका सॅम्पलपर्यंत अचूक होतं.

आवाज आधीच एसी-३ मध्ये असेल आणि तो पुन्हा एन्कोड करायचा नसेल, तर डिलेकट वापरा. एसी-३ ची एक फ्रेम १५३६ सॅम्पलची, ४८ किलोहर्ट्झवर ३२ मिलिसेकंदांची असते आणि फक्त पूर्ण फ्रेमच कापता येते. डीजीइंडेक्सने सुट्या काढलेल्या फाइलच्या नावातच ‘डिले उणे ८० मिलिसेकंद’ असं लिहिलेलं असतं. उणे म्हणजे आवाज चित्राच्या आधी सुरू होतो, म्हणून सुरुवातीचा ८० मिलिसेकंदांचा तुकडा काढायचा. दोन फ्रेम काढल्या तर ६४, तीन काढल्या तर ९६. काहीही केलं तरी चूक १६ मिलिसेकंदांच्या वर जात नाही.

एवढी चूक चालते का? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की माणसाला जाणवू लागतं. आधी आलेला आवाज जास्त खुपतो. निसर्गात उजेड नेहमी आधी पोचतो आणि आवाज मागून येतो, त्याची आपल्याला सवय आहे. म्हणून शंका असेल तर आवाज किंचित मागे ठेवा, पुढे कधीच नको.

डिलेचं चिन्ह प्रत्येक प्रोग्रॅममध्ये वेगळा अर्थ घेतं. एकात आवाज सरकतो, दुसऱ्यात चित्र. एमप्लेक्स या मक्सिंगच्या प्रोग्रॅममधला ऑफसेट (डिलेसारखाच आकडा) चित्राचा आहे. अंदाज बांधत बसू नका: मुद्दाम एक हजार मिलिसेकंद देऊन दोन मिनिटांचा तुकडा मक्स करा आणि काय कुठे गेलं ते पाहा. मग खरा आकडा द्या.

झटक्याझटक्याने बिघडत असेल तर

हे कॅप्चरमधलं किंवा प्रक्षेपणातलं नुकसान आहे. कॅसेट घेताना डिस्क क्षणभर थांबली आणि सहा फ्रेम गळाल्या, तर पालमध्ये २४० मिलिसेकंद गेले. कुठलाही गुणक हे सुधारू शकत नाही, कारण दोन झटक्यांमधला वेग बरोबरच आहे. कॅसेट हाताशी असेल तर पुन्हा घ्या, दुसरे सगळे प्रोग्रॅम बंद ठेवून. यापेक्षा चांगला उपाय नाही आणि वेळही यातच कमी जातो.

डिजिटल प्रक्षेपणातून रेकॉर्ड केलेली ट्रान्सपोर्ट स्ट्रीम फाइल असेल तर ती आधी प्रोजेक्टएक्समधून काढा. तो शिक्के तपासत जातो, जिथे आवाज तुटला आहे तिथे शांतता भरतो आणि कुठे काय केलं त्याची नोंद देतो. ती नोंद वाचली की झटक्यांच्या जागा आयत्या मिळतात.

पुन्हा घेणं शक्य नसेल तर हाताने करावं लागतं. झटक्याची जागा शोधा, तिच्याजवळची शांत जागा शोधा (श्वास घेतल्याची, वाक्य संपल्याची) आणि तिथे वेव्हमध्ये तेवढा आवाज कापा किंवा जोडा. सुरुवातीकडून शेवटाकडे जा, कारण प्रत्येक दुरुस्तीने पुढचं सगळं सरकतं. काम किचकट आहे, पण ज्या चित्रणात आता हयात नसलेल्या माणसाचं बोलणं आहे त्यासाठी मी ते अनेकदा केलं आहे आणि पुन्हा करेन.

एसी-३ बनवताना

वेळ जुळल्यावरच एन्कोड करा. क्रम असा ठेवा: रीसॅम्पल, वेग, कापाकापी, मग आवाजाची पातळी, सगळ्यात शेवटी एन्कोड. पातळी ठरवताना सर्वोच्च टोक शून्याच्या एक-दोन डेसिबल खाली ठेवा. दाबलेला आवाज उलगडताना टोकं थोडी वर उसळतात, आणि शून्याला टेकवून ठेवलेला आवाज तिथे फाटतो.

‘संगणकावर नीट ऐकू येतं, तबकडीवर फार हळू’ ही तक्रार बहुधा डायलॉग नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे संवादाची पातळी सांगणाऱ्या, आकड्यामुळे येते. एसी-३ च्या प्रत्येक फ्रेममध्ये हा आकडा असतो. तो उणे ३१ असेल तर प्लेअर आवाज कमी करत नाही, उणे २७ असेल तर चार डेसिबल कमी करतो. घरगुती कामाला उणे ३१ ठेवा.

५.१ आवाजात एक फसवं दुखणं आहे: संवाद डाव्या स्पीकरमधून येतात. चॅनेलचा क्रम बदलल्याचं हे लक्षण. वेव्हमध्ये क्रम डावा, उजवा, मधला, एलएफई (खर्जाच्या आवाजाचा), मागचा डावा, मागचा उजवा असा असतो. एएसीमध्ये मधला सगळ्यात आधी, मग डावा, मग उजवा, आणि एलएफई शेवटी. जुन्या डिकोडरने एएसीचा क्रम तसाच वेव्हमध्ये ओतला की मधल्या चॅनेलचे संवाद डावीकडे जातात आणि मागचा डावा चॅनेल एलएफईच्या जागी बसून घुमत राहतो. सहा चॅनेलच्या सहा वेगळ्या वेव्ह काढून एकेक ऐका. ज्यात संवाद स्पष्ट आहेत ती मधली, जी नुसती धडधडते ती एलएफई. मग योग्य क्रमाने एन्कोडरला द्या.

मक्सिंगमधल्या तक्रारी

मक्सिंग म्हणजे चित्र आणि आवाज २०४८ बाईटच्या पाकिटांत भरून एकाच प्रवाहात ओवणं. प्रत्येक प्रवाहावर नव्वद किलोहर्ट्झच्या घड्याळाचे शिक्के असतात. पालच्या एका फ्रेमला ३६०० ठोके, एसी-३ च्या फ्रेमला २८८० ठोके. मक्सरचं काम हे शिक्के पाळत पाकिटं वेळेवर पोचवण्याचं. ती पोचली नाहीत की तक्रार येते.

‘फ्रेम डेटा अंडर-रन्स डिटेक्टेड’ असं एमप्लेक्स म्हणत असेल तर रस्ता अरुंद पडतो आहे. डीव्हीडीचा एकूण प्रवाह सेकंदाला १०.०८ मेगाबिटच्या वर जाऊ शकत नाही आणि त्यात चित्राला ९.८ पर्यंतच मुभा आहे. चित्राच्या बिटरेटचं टोक ९.० ठेवलंत आणि आवाज एलपीसीएम घेतलात, तर त्याचे १.५३६ मिळून १०.५३६ झाले: मर्यादा मोडली. तेच १९२ किलोबिटच्या एसी-३ ने ९.१९२ होतात आणि पाकिटांच्या वेष्टणाला जागा उरते. चित्राची सरासरी ६ आणि टोक ८ एवढं ठेवलं तर एसी-३ सोबत ही तक्रार मला पुन्हा भेटलेली नाही. बफरचा (प्लेअर पुढचं चित्र साठवून ठेवतो त्या जागेचा) आकार २२४ किलोबाईट, म्हणजे १८,३५,००८ बिट, एन्कोडरमध्ये लिहिलेला आहे ना तेही पाहा.

‘स्किपिंग सेक्टर, वेटिंग फॉर फर्स्ट व्हीओबीयू’ हे डीव्हीडीऑथर या तबकडी रचणाऱ्या प्रोग्रॅमचं म्हणणं म्हणजे फाइलमध्ये नॅव्हिगेशनची (प्लेअरला वाट दाखवणारी) पाकिटं नाहीत. एमप्लेक्समध्ये प्रकार ८ निवडला की ती रिकामी का होईना, पण पडतात. एफएफएमपेगमध्ये नुसतं फाइलचं नाव व्हीओबी (डीव्हीडीवरच्या चित्र-आवाजाच्या फायलींचा प्रकार) ठेवून चालत नाही, आउटपुटचा प्रकार ‘डीव्हीडी’ असा स्पष्ट द्यावा लागतो. त्यापेक्षा ‘टार्गेट’ हा पर्याय ‘पाल-डीव्हीडी’ किंवा ‘एनटीएससी-डीव्हीडी’ असा द्या: आकार, बफर, पाकिटांचं माप, मक्सचा दर आणि ४८ किलोहर्ट्झचा एसी-३ हे सगळं तो एकदम लावतो.

‘एससीआर मूव्ज बॅकवर्ड्स, रीमल्टिप्लेक्स इनपुट’ ही तक्रार बहुतेक दोन एमपेग फायली नुसत्या एकापुढे एक चिकटवल्याने येते. दुसऱ्या फाइलचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं आणि वेळ मागे गेल्यासारखी दिसते. दोन्ही सुट्या करा, चित्र चित्राला आणि आवाज आवाजाला जोडा, मग नव्याने मक्स करा. जोडण्याआधी प्रत्येक जोडीची लांबी सारखी करून घ्या. पहिल्या भागाचा आवाज शंभर मिलिसेकंद जास्त असेल तर दुसरा भाग तेवढाच मागे पडतो, तिसरा आणखी.

अनेक तुकड्यांची तबकडी

एका टायटलसेटमधल्या (तबकडीवरच्या व्हिडिओंच्या एका गटातल्या) सगळ्या तुकड्यांच्या आवाजाचे गुणधर्म एकच असावे लागतात: प्रकार एक, चॅनेलची संख्या एक, ट्रॅकची संख्या एक. मी एकदा चार भागांची तबकडी केली होती. तिसरा भाग जुन्या फोटोंचा, बिनआवाजाचा होता. संगणकावर सगळं सुरळीत चाललं. प्लेअरवर मात्र तिसरा भाग संपल्यावर चौथ्यातही आवाज आला नाही. फोटोंच्या भागाला तेवढ्याच लांबीचा शांततेचा एसी-३ ट्रॅक दिला आणि चौथा बोलू लागला. तेव्हापासून मेन्यूलासुद्धा शांत ट्रॅक देतो. एक भाग १९२ किलोबिट स्टीरिओ आणि दुसरा ५.१ असेल तर एकतर दोन्ही सारखे करा, नाहीतर वेगळ्या टायटलसेटमध्ये ठेवा.

स्वतःच्याच जुन्या डीव्हीडीतून काही काढत असाल तर एक-एक जीबीच्या व्हीओबी फायली सुट्या सुट्या वापरू नका. तो एकच प्रवाह असतो, फक्त आकारासाठी तोडलेला. पीजीसीडीमक्सने पूर्ण प्रोग्रॅम चेन (सलग चालणारा सगळा भाग) एकदम काढा, तो आवाजाचा डिलेही सांगतो.

तपासणी

व्हीएलसीवर चाललं म्हणजे झालं असं समजू नका. तो प्लेअर फार समजूतदार आहे, ४४.१ किलोहर्ट्झ असो की एमपी३, तो सगळं सांभाळून घेतो. आधी पुन्हा लिहिता येणारी तबकडी घ्या आणि टीव्हीला जोडलेल्या साध्या प्लेअरवर लावा. पहिलं मिनिट, मधलं मिनिट आणि शेवटचं मिनिट पाहा. प्रत्येक ठिकाणी बोलणारा चेहरा जवळून दिसेल असा प्रसंग निवडा. ‘प’, ‘ब’, ‘म’ या अक्षरांवर ओठ पूर्ण मिटतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. मग चॅप्टरवर उड्या मारून पाहा: उडी मारल्यावर आवाज सुटतो आणि सलग पाहताना सुटत नाही असं असेल तर दोष मक्सिंगचा आहे, आवाजाच्या फाइलचा नाही. तेव्हा वेव्हकडे न जाता फक्त शेवटची पायरी पुन्हा करा, दुसऱ्या मक्सरने.

सगळं जुळल्याची खात्री होईपर्यंत मूळ फाइल, वेव्ह आणि कागदावरचे आकडे काढून टाकू नका. कायमची तबकडी त्यानंतरच लिहा.